मायक्रोस्कोप नेमकं काम कसं करतो: जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रॅक्टिकलला मायक्रोस्कोपसमोर बसलं की बहुतेकांचा हात आधी सर्वांत मोठ्या ऑब्जेक्टिव्हकडे जातो. जितकं मोठं दिसेल तितकं चांगलं, असं वाटणं साहजिक आहे. पण पेशी समजायची तर मोठं करण्याहून दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत: अगदी जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दिसणं आणि पारदर्शक पेशी उजेडात उठून दिसणं. पुढचे बरेचसे प्रश्न शेवटी या दोन गोष्टींपाशीच येतात.

वस्तू मोठी दिसते, म्हणजे आत नेमकं काय होतं?

नेहमीच्या संयुक्त मायक्रोस्कोपमध्ये भिंगांचे दोन संच असतात. स्लाइडजवळ ऑब्जेक्टिव्ह आणि डोळ्याजवळ आयपीस, म्हणजे नेत्रिका. स्लाइडवरची वस्तू ऑब्जेक्टिव्हच्या नाभीच्या किंचित पलीकडे असते, त्यामुळे तिची मोठी, उलटी आणि वास्तव प्रतिमा नळीत वरच्या बाजूला तयार होते. आयपीस ही प्रतिमा साध्या भिंगासारखी आणखी मोठी करून दाखवतो. डोळ्याला शेवटी दिसते ती आभासी प्रतिमा. नव्या उपकरणांत ऑब्जेक्टिव्हमधून किरण समांतर बाहेर पडतात आणि नळीतलं आणखी एक भिंग त्यांची प्रतिमा बनवतं, पण मूळ तत्त्व तेच राहतं.

यातली एक गोष्ट मनात पक्की बसवा. आयपीस वस्तूकडे पाहतच नाही, तो ऑब्जेक्टिव्हने बनवलेल्या प्रतिमेकडे पाहतो. जो तपशील ऑब्जेक्टिव्हकडून सुटला, तो वर कितीही मोठा आयपीस लावला तरी परत येत नाही.

एकूण विशालन कसं काढायचं?

ऑब्जेक्टिव्हचा आकडा गुणिले आयपीसचा आकडा. १० एक्सचा आयपीस आणि ४० एक्सचं ऑब्जेक्टिव्ह असेल तर ४०० पट. हे विशालन लांबीरुंदीचं असतं. क्षेत्रफळ त्याच्या वर्गाने वाढतं, म्हणूनच प्रत्येक टप्प्यावर दिसणारा भाग एवढा झपाट्याने कमी होतो.

मग आणखी जोरदार भिंगं लावून ५,००० पट का बघता येत नाही?

लावता येतात, पण नवीन काही दिसत नाही. दिसतं ते तेच धूसर चित्र, फक्त आकाराने मोठं. याला पोकळ विशालन म्हणतात.

कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. रात्री दूरवरून येणाऱ्या गाडीचे दोन दिवे आधी एकच ठिपका दिसतात आणि गाडी जवळ आली की त्यांचे दोन होतात. दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात कमीत कमी किती अंतर हवं, यालाच विभेदनमर्यादा म्हणतात. हे अंतर जितकं लहान, तितकी विभेदनक्षमता जास्त. साध्या डोळ्यासाठी, २५ सेंटीमीटरवर धरलेल्या वस्तूच्या बाबतीत, ते साधारण ०.१ मिलिमीटर असतं. मायक्रोस्कोपसाठी ते किती असेल, याचं सूत्र जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडलं: तरंगलांबी भागिले न्यूमेरिकल अपर्चरची दुप्पट.

न्यूमेरिकल अपर्चर, म्हणजे एन.ए., हा आकडा सांगतो की ऑब्जेक्टिव्ह किती रुंद कोनातून येणारा प्रकाश गोळा करू शकतं. प्रकाश वस्तूतल्या बारीक रचनेवरून जाताना विवर्तनामुळे पसरतो, आणि रचना जितकी बारीक तितका तो जास्त तिरका फाकतो. म्हणजे सर्वांत बारीक तपशिलाची माहिती सर्वांत तिरक्या किरणांमध्ये असते. ते किरण भिंगाच्या कडेबाहेरून निघून गेले की तो तपशीलही गेला.

हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटरचा धरला तर १० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हची (एन.ए. ०.२५) मर्यादा १.१ मायक्रोमीटर येते, ४० एक्सची (०.६५) सुमारे ०.४२ आणि १०० एक्सच्या तेलाच्या ऑब्जेक्टिव्हची (१.२५) ०.२२ मायक्रोमीटर. साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपची मजल साधारण इथपर्यंतच. ढोबळ नियम असा की एन.ए.च्या ५०० ते १,००० पट एवढंच विशालन उपयोगाचं असतं. म्हणून १.२५ एन.ए.साठी १,००० ते १,२५० पटीच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. मोबाइलने फोटो काढून त्यावर झूम करणं हेही पोकळ विशालनच.

ऑब्जेक्टिव्हवर इतके आकडे कोरलेले असतात, ते काय सांगतात?

समजा, ४०/०.६५ आणि त्याखाली १६०/०.१७ असं लिहिलं आहे. ४० हे विशालन, ०.६५ हे एन.ए., १६० ही नळीची लांबी मिलिमीटरमध्ये आणि ०.१७ ही त्या ऑब्जेक्टिव्हसाठी अपेक्षित कव्हरस्लिपची जाडी, तीही मिलिमीटरमध्ये. १६० च्या जागी आडवा आठ, म्हणजे अनंताचं चिन्ह असेल तर ते समांतर किरणांच्या पद्धतीचं ऑब्जेक्टिव्ह समजा. ‘प्लॅन’ म्हणजे दृश्यक्षेत्र मध्यापासून कडेपर्यंत सपाट आणि एकाच वेळी फोकसमध्ये दिसेल असं भिंग.

दोन मायक्रोस्कोपची तुलना करायची वेळ आली तर विशालनाच्या आधी एन.ए. वाचा. ४० एक्सची दोन ऑब्जेक्टिव्ह असतील आणि एकाचं एन.ए. जास्त असेल, तर पेशी त्यातून अधिक बारकाव्याने दिसेल.

खालचा कंडेन्सर आणि डायफ्रॅम कशासाठी असतात? ते हलवले नाहीत तर चालत नाही का?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सर्वांत दुर्लक्षित भाग हाच असतो, आणि चित्र सर्वांत जास्त सुधारतं ते इथेच.

कंडेन्सर दिव्याचा प्रकाश एकवटून स्लाइडवर रुंद शंकूच्या आकारात टाकतो. ऑब्जेक्टिव्हला तिरके किरण हवे असतात, तर खालून येणारा शंकूही तेवढा रुंद असायला हवा. कंडेन्सर फार खाली सोडला की चांगलं ऑब्जेक्टिव्हसुद्धा आपल्या ताकदीएवढं काम करत नाही. जास्त विशालनाला तो जवळजवळ वरपर्यंत असावा.

आयरिस डायफ्रॅम या शंकूची रुंदी ठरवतो. गालाच्या आतल्या बाजूच्या पेशींची रंग न दिलेली स्लाइड ४० एक्सखाली ठेवा आणि डायफ्रॅम पूर्ण उघडा. पांढराशुभ्र उजेड दिसेल आणि पेशी त्यात विरघळून गेल्यासारख्या वाटतील. आता आयपीसमधून बघत बघत लिव्हर हळूहळू सरकवा. आधी पेशीची वेडीवाकडी कड केसाएवढ्या बारीक रेषेने उमटते, मग मधोमध केंद्रकाचा गोल उठतो, मग पेशीद्रव्यातले कण दिसायला लागतात. इथे थांबा. आणखी बंद केलात तर प्रत्येक कडेला काळी किनार येते, रेषा दुहेरी होतात आणि कण फुगून एकमेकांत मिसळतात. चित्र ठसठशीत वाटतं, पण त्यातले अर्धे ठसे पेशीचे नसून विवर्तनाचे असतात.

योग्य जागा कशी ओळखायची? फोकस झाल्यावर आयपीस हळूच काढा आणि नळीतून खाली बघा. ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या बाजूला उजेडाची गोल चकती दिसेल. डायफ्रॅम तिच्या व्यासाचा ७० ते ८० टक्के भाग उजळेल इतपत उघडा ठेवा. ऑब्जेक्टिव्ह बदललं की हे पुन्हा करावं लागतं.

आणि हो, उजेड जास्त वाटला तर डायफ्रॅम बंद करू नका, दिवा मंद करा. प्रकाश कमीजास्त करणं हे दिव्याचं काम.

१०० एक्सला तेल का लावतात?

काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५२ आणि हवेचा १. कव्हरस्लिपमधून वर येणारा किरण हवेत शिरताना बाहेरच्या बाजूला वाकतो. काचेतला कोन सुमारे ४१ अंशांपेक्षा जास्त असेल तर तो बाहेर पडतच नाही, पूर्ण परावर्तन होऊन परत जातो. म्हणजे आपल्याला हवे असलेले सर्वांत तिरके किरणच वाया जातात. इमर्शन ऑइलचा अपवर्तनांक १.५१५ च्या आसपास, जवळपास काचेइतकाच असतो, त्यामुळे किरण न वाकता सरळ भिंगात शिरतात. हवेत एन.ए. १ च्या पुढे जाऊच शकत नाही. तेलाने ते १.२५ ते १.४ पर्यंत नेता येतं.

४० एक्सच्या नेहमीच्या ऑब्जेक्टिव्हला मात्र तेल लावायचं नसतं. ते हवेसाठी बनवलेलं असतं. तेल टाकल्यावर १०० एक्सवरून ४० एक्सवर परत फिरवलं की ते तेलात बुडतं, आणि प्रयोगशाळेतली निम्मी ‘खराब’ ४० एक्स ऑब्जेक्टिव्ह मुळात तेलकट झालेली असतात.

स्लाइड उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे का जातं?

ऑब्जेक्टिव्हची वास्तव प्रतिमा उलटी असते आणि आयपीस ती सरळ करत नाही. छापील ‘त’ अक्षराचा लहानसा तुकडा स्लाइडवर ठेवून बघा. अक्षर १८० अंशांत फिरलेलं दिसेल, म्हणजे वरचं खाली आणि डावं उजवीकडे, दोन्ही एकदम. विच्छेदनासाठी वापरतात त्या स्टीरिओ मायक्रोस्कोपमध्ये प्रतिमा सरळ दिसावी अशी सोय केलेली असते, नाहीतर चिमटा चालवणं अवघड जाईल.

१० एक्सला छान दिसतं, ४० एक्सला नेलं की काहीच दिसत नाही. काय चुकतं?

बहुतेकदा चारांपैकी एक गोष्ट असते. पहिली, हवी ती पेशी दृश्यक्षेत्राच्या मध्यात नव्हती. आयपीसवर १८ हा क्षेत्रांक (त्याला ऑब्जेक्टिव्हच्या आकड्याने भागलं की दिसणाऱ्या क्षेत्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो) असेल तर १० एक्सला १.८ मिलिमीटर व्यासाचं क्षेत्र दिसतं आणि ४० एक्सला फक्त ०.४५. कडेची पेशी बाहेर जाणारच. दुसरी, १० एक्सचा फोकस नीट बारीक केलेला नव्हता. ऑब्जेक्टिव्ह बदललं तरी फोकस जवळपास टिकतो, पण आधी तो अचूक असेल तरच, आणि त्यानंतर फक्त बारीक स्क्रू वापरायचा. तिसरी, उजेड. विशालन वाढलं की क्षेत्र काळवंडतं, दिवा वाढवावा लागतो.

चौथं कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: स्लाइड उलटी ठेवलेली असते. ४० एक्सचं ऑब्जेक्टिव्ह फोकसमध्ये असताना त्याचं टोक आणि स्लाइड यांच्यात साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटर जागा उरते, आणि स्लाइडची काच असते सुमारे १ मिलिमीटर जाड. कव्हरस्लिप खाली गेली तर ४ आणि १० एक्सला व्यवस्थित दिसतं, ४० एक्सला फोकस कधीच येत नाही, आणि जोर लावला तर काच फुटते.

रंग का द्यावा लागतो?

पेशीत बरंचसं पाणीच असतं. ती प्रकाश फारसा शोषत नाही, त्यामुळे विभेदनक्षमता पुरेशी असूनही दिसत नाही. रंग पेशीच्या ठरावीक भागाला चिकटतो आणि तिथला प्रकाश शोषून फरक निर्माण करतो. मिथिलीन ब्लू धन प्रभारित असल्याने केंद्रकातल्या आम्लधर्मी डीएनएला धरतो. आयोडीन स्टार्चला निळाकाळा करतं. ग्रॅम रंजनात, जे १८८४ मध्ये प्रसिद्ध झालं, जाड पेप्टिडोग्लायकनची भित्ती असलेले जीवाणू जांभळा रंग अल्कोहोलने धुतल्यावरही सोडत नाहीत, बाकीचे सोडतात आणि नंतर सॅफ्रनिनने गुलाबी होतात.

जिवंत पेशी बघायची असेल तर बहुतेक रंग अडचणीचे, कारण ते पेशी मारतात. यावर डच शास्त्रज्ञ फ्रिट्स झेर्निके यांनी शोधलेला मार्ग म्हणजे फेज कॉन्ट्रास्ट. पेशीतून जाताना प्रकाशलहर किंचित मागे पडते. डोळ्याला हा फरक कळत नाही. फेज कॉन्ट्रास्टची कडी आणि पट्टिका त्याचं रूपांतर उजेड आणि अंधार यांच्या फरकात करतात. पेशी विभाजित होताना, न मारता, न रंगवता बघता येते. या कामासाठी झेर्निके यांना १९५३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे दिसतंय ती पेशी की हवेचा बुडबुडा?

बुडबुडा अगदी गोल असतो, त्याची कड जाड काळी आणि आत पूर्ण रिकामं, चकचकीत. पेशीची कड बारीक असते आणि आत काहीतरी रचना असते. शंका आली तर बारीक स्क्रू पुढेमागे करा. बुडबुड्याची काळी कडी जाडबारीक होते, आत मात्र काहीच उलगडत नाही. कव्हरस्लिप एका कडेने टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडली तर बुडबुडे मुळातच कमी येतात.

एखादा ठिपका कायम त्याच जागी दिसत असेल तर आयपीस फिरवून बघा. ठिपका सोबत फिरला तर धूळ आयपीसवर आहे. स्लाइडसोबत सरकला तर स्लाइडवर. दोन्हीने हलला नाही तर ऑब्जेक्टिव्ह किंवा कंडेन्सर तपासा.

पेशीचं खरं माप कसं काढायचं?

अंदाज हवा असेल तर दृश्यक्षेत्रावरून. ०.४५ मिलिमीटरच्या, म्हणजे ४५० मायक्रोमीटरच्या क्षेत्रात कांद्याच्या पापुद्र्याच्या दोन पेशी लांबीने मावल्या तर एक पेशी साधारण २२५ मायक्रोमीटरची.

अचूक मापासाठी आयपीसमध्ये ऑक्युलर मायक्रोमीटर बसवतात. त्याच्या रेघांना स्वतःचं असं ठरलेलं माप नसतं, प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला ते वेगळं निघतं. म्हणून आधी स्टेज मायक्रोमीटरशी, म्हणजे ठरलेल्या मापाच्या रेघा कोरलेल्या स्लाइडशी, जुळवून घ्यावं लागतं. त्यावर बहुधा १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, एक भाग १० मायक्रोमीटरचा. समजा, ४० एक्सला ऑक्युलरचे १०० भाग स्टेजच्या २५ भागांशी जुळले. २५ भाग म्हणजे २५० मायक्रोमीटर, तर ऑक्युलरचा एक भाग २.५ मायक्रोमीटरचा. आता स्टेज मायक्रोमीटर काढून रक्ताची स्लाइड ठेवा. तांबडी रक्तपेशी ३ भाग व्यापत असेल तर तिचा व्यास ७.५ मायक्रोमीटर, आणि माणसाच्या तांबड्या पेशीचा व्यास खरोखर ७ ते ८ मायक्रोमीटरच असतो. ही पडताळणी एकदा स्वतः करून पाहाच. पुस्तकातला आकडा आपल्या डोळ्यांसमोर निघतो, याचा आनंद वेगळाच आहे.

आकृतीखाली नुसतं ‘४०० पट’ लिहिण्यापेक्षा मापरेषा काढणं चांगलं. चित्र लहानमोठं छापलं तरी मापरेषा त्याच्यासोबत लहानमोठी होते, आकडा मात्र खोटा ठरतो.

पुस्तकातल्या पेशीत रायबोसोम असतात, आम्हाला का दिसत नाहीत?

कारण ते मर्यादेच्या बरेच खाली आहेत. रायबोसोम २० ते ३० नॅनोमीटरचा, आणि आपली मर्यादा २०० च्या आसपास. मायटोकॉन्ड्रिया अर्धा ते एक मायक्रोमीटर जाड असतात, त्यामुळे जेनस ग्रीन बी या रंगाने तेलाखाली ठिपक्यांसारखे किंवा काड्यांसारखे दिसतात, पण त्यांच्या आतल्या घड्या दिसत नाहीत. पाठ्यपुस्तकातली पेशीची सविस्तर आकृती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या चित्रांवरून काढलेली असते. ती आपल्या स्लाइडमध्ये शोधू नका, आणि न दिसलेली अंगकं जर्नलमध्ये काढू नका. दिसलं तेवढंच काढलेली आकृती खरी.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने हे कसं जमतं?

इलेक्ट्रॉनलाही तरंगलांबी असते आणि ती प्रकाशापेक्षा कितीतरी लहान असते. १०० किलोव्होल्टला वेग दिलेल्या इलेक्ट्रॉनची सुमारे ०.००३७ नॅनोमीटर. काचेऐवजी इथे चुंबकीय भिंगं असतात. अर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी पहिलं असं उपकरण १९३१ मध्ये बनवलं, आणि रुस्का यांना नोबेल मिळालं ते १९८६ मध्ये.

ट्रान्समिशन प्रकारात इलेक्ट्रॉन नमुन्यातून आरपार जातात, म्हणून काप १०० नॅनोमीटरपेक्षाही पातळ लागतो आणि तो शिसं किंवा युरेनियमच्या क्षारांनी रंगवतात. स्कॅनिंग प्रकारात शलाका पृष्ठभागावरून फिरवतात. परागकणांची, कीटकांच्या डोळ्यांची ती उठावदार चित्रं यातलीच. दोन्हींत आत निर्वात असते, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीत जिवंत पेशी बघता येत नाही. चित्रही मुळात काळंपांढरं असतं, रंग नंतर संगणकावर भरतात.

फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप वेगळा कसा?

इथे नमुना स्वतः उजेड देतो. ठरावीक रंगद्रव्यावर कमी तरंगलांबीचा प्रकाश टाकला की ते जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतं, आणि फिल्टर फक्त हा दुसरा प्रकाश डोळ्यापर्यंत येऊ देतात. काळ्या पार्श्वभूमीवर हवी तीच गोष्ट चमकते. डापी हे द्रव्य डीएनएला चिकटून केंद्रक निळं दाखवतं. जेलीफिशमध्ये सापडलेलं हिरवं चमकणारं प्रथिन, जीएफपी, जनुकामार्गे जिवंत पेशीतच बनवून घेता येतं. त्याला २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे एकेक रेणू वेगवेगळ्या क्षणी चमकवून किंवा चमकणारा ठिपका मुद्दाम आक्रसून आबे यांची मर्यादाही ओलांडली गेली. २०१४ चं नोबेल त्याचं.

लेव्हेनहुकला एकाच भिंगातून जीवाणू कसे दिसले?

रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापातल्या ‘पेशी’ संयुक्त मायक्रोस्कोपने पाहिल्या. पण त्या काळच्या दोन-तीन भिंगांच्या उपकरणांत प्रत्येक भिंगाचे दोष एकमेकांत मिसळत. रंगांच्या किनारी येत, चित्र धूसर होई. अंतोनी व्हान लेव्हेनहुकने इवलंसं पण विलक्षण नेटकं एकच भिंग वापरलं. त्याच्या उरलेल्या भिंगांपैकी सर्वांत चांगलं सुमारे २७० पट मोठं दाखवतं. १६८३ मध्ये त्याने स्वतःच्या दातांवरच्या किटणातले जीव पाहून त्यांची वर्णनं पाठवली. विशालनाच्या आकड्यापेक्षा भिंगाची प्रत मोलाची, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. संयुक्त मायक्रोस्कोपला त्याच्या बरोबरीने यायला एकोणिसाव्या शतकातल्या, रंगदोष घालवणाऱ्या जोडभिंगांची वाट बघावी लागली.

भिंग पुसायचं कसं?

आधी फुंकणीने धूळ उडवा, मग लेन्स पेपरने हलकेच मध्याकडून कडेकडे पुसा. रुमाल, ओढणी किंवा सदऱ्याचं टोक वापरू नका. त्यावरचे बारीक कण काचेवरचा लेप ओरखडतात. तेल लागलं असेल तर आधी कोरड्या लेन्स पेपरने टिपून घ्या, मग लेन्स क्लीनरचा थेंब कागदावर घेऊन पुसा, थेट भिंगावर टाकू नका. हे काम त्याच दिवशी करा, सुकलेलं तेल निघता निघत नाही. ठेवताना ४ एक्सचं ऑब्जेक्टिव्ह खाली आणा, स्टेज उतरवा, दिवा थंड झाल्यावर आच्छादन घाला. दमट हवेत भिंगावर बुरशी येते आणि ती काचेला कायमची खाते, म्हणून पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती वेळोवेळी बदला.